टॉवरची बाजू

मुरल खोरं,
२ ऑक्टोबर १९९४

लॉकलन,

पंधरवड्याची विमानं सोबत पाठवतोय. नेहमीसारखी दोन ओळींमध्ये एक ओळ मोकळी सोडली आहे. तिथे तुझ्या टॉवरचं बोलणं भर आणि पानं परत पाठव. जेवताना भरू नकोस. मागच्या खेपेला ग्लासगोहून येणारं सकाळचं विमान मुरंब्यात उतरलं होतं.

माझा खुबा बघायला हल्ली एक नव्या नर्सबाई येतात. परवा विमानांचं बोलणं पकडणारा रेडिओ-स्कॅनर चालू होता. म्हणाल्या, "हा माणूस एकटाच काय बडबडतोय? वेडाबिडा आहे का?"

"बाई, तो विमान चालवतोय."

मग सगळं समजावून सांगावं लागलं. विमान उंचावर असतं, म्हणून त्याचा आवाज म्हातारीच्या डोंगराच्या पाठीवरून उडी मारून माझ्या एरियलवर येऊन पडतो. टॉवर बसलाय डोंगराच्या पलीकडे, पोर्ट आर्डेनला, समुद्राला टेकून. त्याचं अवाक्षर या खोऱ्यात येत नाही. म्हणजे मला नुसती उत्तरं ऐकू येतात. प्रश्न माझा एक शाळासोबती पलीकडे बसून ऐकतो आणि टपालाने पाठवतो.

"आणि हे ऐकायची परवानगी असते?"

"नसते. यंत्र दुकानात राजरोस मिळतं. ऐकायला मात्र कायद्याने बंदी."

"मग घेऊन करायचं काय? वर फुलदाणी ठेवायची?"

बाई हुशार आहेत. त्यांना मी डोंगराचं नाव सांगितलं तेव्हा त्या खिडकीतून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "खरंच की, पोक आहे."

तुझी बाजू हल्ली फार चपखल बसते हं. पूर्वी निम्म्या ओळींत 'कुत्रा भुंकला, निसटलं' असायचं. या वसंतापासून एकही ओळ निसटलेली नाही. म्हातारपणी कान तीक्ष्ण झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहतोय. आणि उन्हाळ्यात आलेली ती नवी कंट्रोलर, रोना, मला आवडायला लागली आहे. वाऱ्यात हेलकावे खाणाऱ्या वैमानिकाला ती म्हणाली, "सावकाश या, धावपट्टी कुठे पळून जात नाही." ते मी नर्सबाईंना वाचून दाखवलं. आवाज कसा आहे रे तिचा? जाड की बारीक? ते लिही.

फोन का उचलत नाहीस?

हेक्टर


पोर्ट आर्डेन,
९ ऑक्टोबर

प्रिय हेक्टर,

पानं भरून पाठवतोय. मुरंबा नाही. एका कोपऱ्यात लोणी आहे, तेवढं माफ कर.

फोनचं म्हणशील, तर त्यात हल्ली नुसती खरखर असते. पत्र बरं. पत्र पुन्हा पुन्हा उघडता येतं.

रोनाचा आवाज विचारतोस. वारा पडल्यावर बंदरात बांधलेल्या होडीच्या पोटाला पाणी लागतं ना, तसा. जाडही नव्हे, बारीकही नव्हे. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण वाट चुकलेलो नाही.

इकडे हंस आले. आइसलँडहून थेट. काल संध्याकाळी धावपट्टीच्या टोकाला असलेल्या गवतावर शेकड्यांनी उतरले, आणि ना कोणी त्यांना वाऱ्याची दिशा सांगितली ना कोणी परवानगी दिली. मी कुंपणाला धरून उभा राहिलो. आपण दहा-अकरा वर्षांचे असताना याच कुरणात बटाटे होते. आठवतं?

येताना शाळेवरून आलो. आता तिथे बोटींचे सुटे भाग ठेवतात. खिडकीतून डोकावलो, तर बेअर्डबाईंचा फळा होता तेवढी भिंत अजून फिकट दिसते. बाई कविता कशी पाठ करून घ्यायच्या! खिडकीकडच्या बाकांनी एक ओळ म्हणायची, दाराकडच्या बाकांनी पुढची. तू खिडकीकडे, मी दाराकडे. तुझी ओळ संपते न संपते तोच माझी ओठांवर आलेली असायची, अर्थ कळो न कळो. बोटीच्या इंजिनखोलीत तीस वर्षं धडधडाट ऐकला, पण त्या कविता काही पुसल्या गेल्या नाहीत. कधी कधी वाटतं, विमानाचं आणि टॉवरचं बोलणंही तसंच आहे. एकाने ओळ म्हटली की दुसऱ्याची ठरूनच जाते.

खुब्याला शेक देत जा.

तुझा
लॉकलन


पोर्ट आर्डेन,
१६ ऑक्टोबर

प्रिय एफी,

तू चार वेळा फोन केलास आणि मी उचलला नाही, म्हणून रागावली आहेस. बहिणीपासून काय लपवायचं? मला ऐकू येत नाही.

डावा कान बोटीवरच गेला होता, ते तुला ठाऊक आहे. उजवा या मार्चमध्ये गेला. इस्पितळातून दोन यंत्रं दिली आहेत. ती घातली की बशीत चमचा ठेवला तरी लोहाराच्या दुकानात बसल्यासारखं होतं. समोरचा माणूस शांत खोलीत, माझ्याकडे तोंड करून बोलला तर निभतं. फोन नाही. आणि स्कॅनर तर मुळीच नाही. त्यातून फक्त चुलीवर मासा तळल्यासारखा आवाज येतो.

आता खरी गोष्ट. हेक्टरला मी हे सांगितलेलं नाही. तो विमानांची बाजू पाठवतो आणि मी टॉवरची बाजू मनाने रचून भरतो. कठीण नसतं गं. वैमानिकाला नियमच आहे, टॉवरने जे सांगितलं ते त्याने जसंच्या तसं परत म्हणायचं. उत्तर समोर असलं की प्रश्न आपोआप सुचतो. वर थोडी सजावट करतो. नवी कंट्रोलर आहे ना, रोना, तिला मी जरा थट्टेखोर केलंय. खरं तर तिचा आवाज मी कधी ऐकलेलाच नाही. ती आली तोवर माझे कान गेले होते. मासळीच्या गाडीपाशी दिसते. उंच आहे. हॅडक घेते आणि गप्प निघून जाते.

हेक्टर त्या खोऱ्यात अडकलाय. बायको गेली, खुबा गेला, आता पंधरवड्याच्या त्या पानांवर जगतो. आणि फक्त त्याच्यासाठी करतो असं म्हटलं तर तू हसशील. मीही त्यावरच जगतो. टॉवर ऐकू येत नाही असं कळवलं, तर मग त्याने मला पत्र लिहावं कशाला?

तुझा
लॉकी


ग्लासगो,
२० ऑक्टोबर

लॉकी,

तू बहिरा झालास याचं मला नवल वाटलं नाही. पाणी भरायला आई हाक मारायची तेव्हाही तुला ऐकू यायचं नाही. जेवायला मारली की यायचं.

पण हे काय चालवलंयस? दोन म्हाताऱ्यांचा खेळ असता तर मी काही बोलले नसते. ती बाई जिवंत आहे. रोज कामावर जाते. ती न बोललेलं तू तिच्या तोंडी घालून टपालाने पाठवतोस, तेही सही-शिक्क्यासारखं तारीख घालून! तुझ्या नावाने कोणी असं केलं तर चालेल तुला?

आणि हेक्टर फक्त टॉवरसाठी तुला पत्रं लिहितो असं वाटत असेल, तर कान गेले ते गेले, डोकंही गेलं म्हणायचं.

त्याला सांग. मी फोन करून सांगणार नाही. तुझा हात शाबूत आहे.

एफी

ता. क. यंत्रं कानात घाल. खणात ठेवून ऐकू येत नाही.


मुरल खोरं,
१४ नोव्हेंबर

लॉकलन,

हे पत्र नीट वाच. गंमत नाही.

१९ ऑक्टोबरचं वादळ आठवत असेल. माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर त्या दिवशी ओढ्यात सापडलं. दुपारी ग्लासगोचं विमान तुमच्याकडे खाली येत होतं. वैमानिक म्हणाला, "हवेचा दाब नऊ नऊ आठ, लावला." मी ते तसंच उतरवून तुला पाठवलं होतं. तुझी भरलेली पानं परत आली. त्यात त्याच्या आधीच्या ओळीत रोना म्हणते, "दाब नऊ नऊ आठ." आणि त्याच्यानंतर, "या, चहा गरम आहे."

त्या दुपारी माझ्या भिंतीवरचा दाबमापक नऊशे अठ्ठ्याहत्तरवर होता. मला वाटलं, म्हातारा झालाय, माझ्यासारखाच. मग ध्यानात आलं की संध्याकाळी रेडिओवर बोटवाल्यांसाठी जे हवामान सांगतात, त्यातही तोच आकडा होता. नऊशे अठ्ठ्याण्णव हा सकाळचा दाब, वादळ यायच्या आधीचा.

तुला सांगायला नको, तरी लिहितो. विमानातला उंचीचा काटा या आकड्यावर चालतो. वीसचा फरक पडला तर काटा दाखवतो त्याहून विमान सहाशे फूट खाली असतं. ढग जमिनीला टेकलेले. समोर म्हातारीची पाठ. माणसं किती असतील आत? आणि ती बाई त्यांना सकाळचा आकडा देते आणि वर चहाचं आमंत्रण!

मी आयुष्यभर सिग्नलच्या केबिनमध्ये काम केलं. पलीकडच्या केबिनने घंटा दिली की तश्शीच घंटा मी परत द्यायची. ती जुळली नाही तर गाडी जागची हलायची नाही, आत स्वतः राणी बसलेली असली तरी. हा परत म्हणण्याचा नियम कोणाच्या तरी रक्ताने लिहिलेला असतो, लॉकलन.

मी विमानतळाच्या व्यवस्थापकाला कळवायचं ठरवलंय. तू ऐकलंस, मी ऐकलं, दोघांची पानं जुळतात. उद्या नर्सबाईंबरोबर पत्र टाकतो. ऐकल्याचा गुन्हा आधी कबूल करून मगच तक्रार लिहिली आहे आणि पानांची नक्कल जोडली आहे. मला ती आवडत होती, म्हणून आणखी वाईट वाटतं.

हेक्टर


पोर्ट आर्डेन,
१७ नोव्हेंबर

हेक्टर,

तुझं पत्र आत्ता मिळालं. टाकू नकोस. टाकलं असशील तर परत मागव. ती ओळ लिहिताना माझीच गडबड झाली असेल. वादळाचा दिवस, यंत्रात खरखर, त्यात शेजाऱ्याचा कुत्रा. रोनाने बरोबर आकडा दिला असेल आणि मीच वैमानिकाचा आकडा तिच्या ओळीत घातला असेल. माझ्या पानावर भिस्त ठेवून कोणाच्या पोटावर पाय आणू नकोस. मी विनवतो.

लॉकलन


मुरल खोरं,
२१ नोव्हेंबर

लॉकलन,

पत्र गेलं.

तू तिची कड घेतोस हे मला कळतं. होडीच्या पोटाला लागणारं पाणी! या वयात माणूस एखाद्या आवाजावर भाळू शकतो, मी काही दगड नाही. पण वसंतापासून तुझी एक ओळ चुकलेली नाही, आणि नेमकी हीच चुकली? मला उल्लू समजतोस?

काल व्यवस्थापकाचं उत्तर आलं. टॉवरचं सगळं बोलणं टेपवर असतं, पण टेप चार आठवड्यांनी पुसली जाते. माझं पत्र त्यांनी उघडलं तोवर ती पुसली होती. वैमानिकाला काही आठवत नाही. म्हणून आपली पानं हाच एक पुरावा. चौकशी होईपर्यंत तिला खुर्चीवरून उठवलंय.

मला आनंद झालेला नाही. पण माघार घेणार नाही.

हेक्टर


पोर्ट आर्डेन,
२ डिसेंबर

हेक्टर,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथं जसं येईल तसं पाठवतोय.

मला ऐकू येत नाही. मार्चपासून. तेव्हापासून तुला पाठवलेली टॉवरची एकूण एक ओळ मी रचलेली आहे. तू पाठवलेलं उत्तर बघायचं आणि त्यावरून प्रश्न बांधायचा. म्हणून ती चपखल बसायची. 'धावपट्टी पळून जात नाही' माझं. चहा माझा. आणि नऊ नऊ आठही माझाच. वैमानिक ते म्हणाला म्हणजे टॉवरने तेच सांगितलं असणार, असं मी धरून चाललो. कवितेची पुढची ओळ भरावी तशी भरली. वैमानिक सकाळपासून तोंडात बसलेला आकडा चुकून म्हणाला असेल आणि रोनाने त्याला तिथल्या तिथे दुरुस्त केलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती दुरुस्ती तुला डोंगरामुळे ऐकू येणार नव्हती. मला कशानेच येणार नव्हती.

१७ तारखेला गडबड झाली असेल असं लिहिलं, तीही लबाडीच. अर्धं सांगून निभेल असं वाटलं. तिला उठवल्याचं तू कळवलंस आणि माझी झोप उडाली.

काल मी टॉवरवर गेलो. ती खाली कार्यालयात बसली होती, जुन्या नकाशांना चिकटपट्ट्या लावत. तेवढंच काम दिलंय तिला. मी माझं नाव सांगितलं.

ती उठून उभी राहिली. माझ्या कानांतली इस्पितळाची यंत्रं तिने पाहिली आणि माझ्या समोर येऊन सावकाश बोलली. "ते तुम्ही?"

"मीच. मी काहीही ऐकलेलं नाही. सगळं मनाने लिहिलं."

मला वाटलं होतं, ती ओरडेल. एफी ओरडली असती. ती खाली बसली आणि म्हणाली, "मग मी त्याला दुरुस्त केलं की नाही, हे तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

"मलाही नाही."

"म्हणजे?"

"त्या दिवशी किती विमानं, कसला वारा. चुकीचा आकडा आला की मी पकडतेच. पकडतेच! पण शपथेवर सांगा म्हणतात. तुमची पानं दाखवतात. तारीख आहे, माझं नाव आहे. पंधरा दिवस तेच वाचून वाचून मला आता वाटायला लागलंय, की म्हणाले असेन मी नऊ नऊ आठ."

हेक्टर, मी तिला थट्टेखोर केलं होतं. ती तशी नाही. तिने मला दारापर्यंत सोडलं आणि विचारलं, "चहाचं का लिहिलंत? मी कामावर असलं काही बोलत नाही."

परत वर जाऊन व्यवस्थापकाला भेटलो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आधी म्हणता ऐकलं, आता म्हणता ऐकलं नाही. गाव लहान आहे, मिस्टर ग्रीव्ह. तुम्ही तिला वाचवताय, असं कोणी म्हटलं तर?" उद्या बसने इस्पितळात जातोय. माझ्या कानांच्या तपासणीचा कागद, डॉक्टरच्या सहीने, मार्चच्या तारखेसकट आणून त्याच्या टेबलावर ठेवतो. नाही ठेवून घेतला तर परवा पुन्हा जाईन. तेरवाही जाईन. मी बहिरा आहे हे सगळ्या गावाला ओरडून सांगायला लागलं तरी सांगेन.

तुझी क्षमा मागत नाही. मागायचा क्रम आधी तिचा आहे.

लॉकलन


मुरल खोरं,
६ डिसेंबर

तुझं पत्र मिळालं. नर्सबाईंना वाचून दाखवता आलं नाही.

सध्या लिहू नकोस.

हेक्टर


पोर्ट आर्डेन,
२० डिसेंबर

प्रिय एफी,

केकबद्दल आभार. अर्धा मासळीवाल्याला दिला.

तू विचारतेस काय चाललंय. कागद दिला. व्यवस्थापकाने तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि म्हणाला, याने तुमचं पान बाद होतं, पण वैमानिक चुकीचा आकडा म्हणाला हे उरतंच. ती ते ऐकून गप्प बसली असेल तर दोष तिचाच. म्हणजे मी माझा हात काढून घेतला, पण खड्डा तसाच. मी रोज जातो. त्याची चिटणीस आता मला बघून हसते आणि मोठमोठ्याने ओठ हलवून 'आज नाही' म्हणते. मी म्हणतो, उद्या येतो.

रोना नाताळला आईकडे जातेय. परत येईल की नाही, माहीत नाही. परवा मासळीच्या गाडीपाशी भेटली. म्हणाली, "तुम्ही कशाला रोज थंडीत येता? न्यूमोनिया होईल." मी म्हटलं, "त्याने निदान व्यवस्थापकाला माझ्यापासून सुट्टी मिळेल." ती हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

गावात सगळ्यांना कळलंय. बेकरीत आता सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. यंत्रं घातलेली असतात, त्यामुळे फार त्रास होतो.

हेक्टरचं काहीच नाही. मी त्याला लिहिलेलं नाही. त्यानेच सांगितलंय.

लॉकी


मुरल खोरं,
१२ जानेवारी १९९५

लॉकलन,

तू माझ्याशी लबाडी केलीस त्याचा राग अजून आहे. तो एवढ्यात जायचा नाही, तू घाई करू नकोस. उन्हाळ्यापासून मी ज्या बाईशी मनात बोलत होतो ती तू होतास, हे पचायला वेळ लागणार. पण तुझ्यावर रागावण्यात मी महिना घालवला आणि तेवढ्यात त्या दुसरीचं, खऱ्या रोनाचं काय होतंय याचा विचार करायचं राहून गेलं. पत्र मी टाकलं होतं. तुझ्या पानावर विसंबून टाकलं, पण सही माझी होती.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी १९ ऑक्टोबर पुन्हा काढला. दाबाच्या ओळीवर माझं डोकं एवढं अडकलं होतं की त्याखालची ओळ मी बघितलीच नव्हती. खाली वैमानिक म्हणतो, "दीपगृहावर, पंधराशे फूट." तेवढं म्हणून मग आवाज गेला.

आता बघ. विमान खाली खाली येताना एका उंचीला म्हातारीच्या पाठीआड जातं आणि माझ्याकडचा आवाज कापल्यासारखा तुटतो. म्हणून मी त्या दिवसापासून दीपगृहावरून येणारं प्रत्येक विमान धरून बसलो. नर्सबाई म्हणाल्या, "हेक्टर, खुर्चीतून उठा, खुबा आखडेल." मी म्हटलं, "बाई, आखडू दे." बाराशेच्या वर असलेलं प्रत्येक ऐकू आलं. हजाराखाली उतरलेलं एकही नाही. आता तो वैमानिक जर चुकीचा आकडा लावून उडत असता, तर काटा पंधराशे दाखवत असताना तो खरा नऊशेवर असता. नऊशेवरून त्याचा आवाज मला येणं शक्यच नाही. तो आला. स्वच्छ आला. म्हणजे दीपगृहावर पोहोचेपर्यंत त्याचा काटा बरोबर झालेला होता. आणि तो बरोबर करणारं त्या आभाळात एकच माणूस होतं.

हे सगळं मी व्यवस्थापकाला लिहिलं. वर लिहिलं की विश्वास बसत नसेल तर इथे या, माझ्या खुर्चीत बसा आणि स्वतः ऐका, बेकायदा. तो आला! एक माणूस बरोबर घेऊन, बर्फातून. दोघे दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात बसले, एक विमान खाली एक वर असं मागवून घेतलं, आणि माझी बिस्किटं संपवली. जाताना म्हणाला, "तुम्हा दोघांवर खटला भरता येतो, माहीत आहे ना?" मी म्हटलं, "भरा. पण आधी तिला वर बसवा." तो हसला नाही. पण नाही असंही म्हणाला नाही. काल त्याचं पत्र आलं. एका परिच्छेदात तिची निर्दोष सुटका, दुसऱ्या परिच्छेदात आपल्या दोघांना कडक ताकीद.

ताकीद मी वाचली. स्कॅनरवर फुलदाणीही ठेवली. आज सकाळी ती बाजूला काढली.

सव्वानऊच्या सुमारास ग्लासगोचं विमान आलं. वैमानिकाने नाव सांगितलं, उंची सांगितली, दाबाचा आकडा परत म्हटला. माझ्या भिंतीशी जुळला. मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि सुप्रभात, रोना. पुन्हा तुझा आवाज ऐकून बरं वाटलं."

मग थोडी शांतता. मग तो मोठ्याने हसला आणि डोंगराआड गेला.

ती काय बोलली असेल? सकाळपासून मी दुसरा विचार केलेला नाही. ते मला इथे बसून कळायचं नाही, आणि तुला तिथे बसून रचायचं नाही. तुझ्या घरापासून टॉवर चालत जाण्याइतका जवळ आहे. यंत्रं कानात घाल, जा, तिच्या समोर उभा राहा आणि विचार. सांगायचं की नाही ती ठरवेल.

सांगितलं तर लिही. नाही सांगितलं तरी लिही.

हेक्टर